डेटाबेसमध्ये दुसऱ्याच्या नावानं शिरणाऱ्याचं नाव नोंदवा : आयटी प्रमुखांना आणि लेखापरीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
बँका, वित्तसंस्था, रुग्णालयं आणि कंपन्या यांचे आयटी प्रमुख व लेखापरीक्षक

विषय : डीबीएंनी (डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रशासकांनी) पासवर्ड माहीत नसताना दुसऱ्या युजरच्या नावानं केलेल्या कामाची नोंद

सप्रेम नमस्कार.

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीची झाली. प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद कुणाला बंद करता येता कामा नये, असा नियम. त्यानंतरच्या वार्षिक अहवालांत लेखापरीक्षकांच्या शेऱ्यात एक वाक्य वारंवार दिसायला लागलं : ॲप्लिकेशनमध्ये ऑडिट ट्रेल सुरू होती, मात्र डेटाबेसमध्ये थेट केलेल्या बदलांसाठी ती सुरू नव्हती. नावाजलेल्या कंपन्यांच्या अहवालांतही हे वाक्य आहे. भागधारक ते वाचून पान उलटतात. मी पुण्यात डीबीए म्हणून नोकरी करते, आणि त्या वाक्यामागे प्रत्यक्षात काय चालतं ते मला रोज दिसतं. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची अशी समजूत आहे की ॲप्लिकेशनच्या खात्याचा पासवर्ड पाकिटात घालून, सील करून तिजोरीत ठेवला की काम झालं. ज्याला पासवर्ड माहीत नाही तो त्या खात्यानं आत जाणार कसा? तसं नाही. डीबीएला पासवर्ड लागतच नाही. ज्याच्याकडे युजरच्या खात्यात फेरफार करण्याचा अधिकार आहे, तो कुठल्याही युजरच्या नावानं काम करू शकतो. ओरॅकल असो, पोस्टग्रेस असो, एसक्यूएल सर्व्हर असो, डेटाबेसच्या या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे, आणि ती बनवणाऱ्यांनी विचार करून दिलेली आहे. ही काही पळवाट नव्हे.

सोय का लागते, ते आधी सांगते. नाहीतर हे पत्र वाचून उद्या कुणीतरी सरसकट बंदीचं परिपत्रक काढेल आणि रात्रपाळीच्या पोरांचे हाल होतील. ओरॅकलमध्ये एका स्कीमातून (एका युजरच्या टेबलांच्या संचातून) दुसऱ्या डेटाबेसकडे जाणारी खासगी डेटाबेस लिंक बनवायची असेल, तर ती त्या स्कीमाच्या मालकालाच बनवता येते. डीबीएच्या हाती सगळे अधिकार असले तरी तो दुसऱ्याच्या स्कीमात अशी लिंक तयार करू शकत नाही. डीबीएम‌एस जॉबनं लावलेल्या जुन्या जॉबांचंही (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचंही) तसंच, ज्याचा जॉब त्यालाच तो हलवता येतो. ‘चालू स्कीमा बदला’ अशी एक आज्ञा आहे, पण तिनं फक्त टेबलांची नावं कुठे शोधायची ते बदलतं; तुम्ही कोण आहात ते बदलत नाही आणि तुमचे अधिकारही बदलत नाहीत. शिवाय ‘मला हे टेबल दिसत नाही’ अशी तक्रार आली, तर तक्रारदाराच्या जागी उभं राहून बघितल्याशिवाय खरं कारण सापडत नाही. डीबीएला सगळंच दिसतं, त्यामुळे त्याच्या खात्यातून ती चूक कधी दिसणारच नाही. तेव्हा दुसऱ्याच्या नावानं काम करणं ही आमच्या धंद्यातली रोजची गरज आहे.

ही गरज भागवायची कशी, एवढाच माझा मुद्दा आहे.

ओरॅकलवर वाढलेल्या आमच्या पिढीला वरिष्ठांनी जी रीत शिकवली, ती आजही अनेक ठिकाणी जशीच्या तशी चालू आहे. डेटाबेस पासवर्ड साठवत नाही, त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला पण उलटा न वाचता येणारा सांकेतिक मजकूर, साठवतो. अकरा-जी आवृत्ती येईपर्यंत हा हॅश डीबीए युजर्स या व्ह्यूमध्ये (युजरांच्या तयार यादीत) सरळ दिसायचा. अकरा-जीपासून तिथला रकाना रिकामा दिसू लागला, पण सिस या सर्वाधिकारी खात्याच्या मूळ टेबलात तो अजूनही असतो. तर रीत अशी : आधी हॅश उतरवून घ्यायचा. मग युजरला तात्पुरता पासवर्ड द्यायचा, लॉगइन व्हायचं, काम उरकायचं, बाहेर यायचं आणि जुना हॅश ‘आयडेंटिफाइड बाय व्हॅल्यूज’ या आज्ञेनं परत बसवायचा. खऱ्या पासवर्डचा पत्ता कुणालाच लागत नाही आणि काम होतं. मुलाखतींत हा प्रश्न विचारतात आणि उत्तर देणाऱ्याला हुशार समजतात.

मधल्या त्या काही मिनिटांत काय होतं ते बघा. ॲप्लिकेशन सर्व्हरच्या चालू जोडण्या तुटत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला सगळं आलबेल वाटतं. पण कनेक्शन पूलला (ॲप्लिकेशननं तयार ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्याला) नवी जोडणी लागली की तो जुनाच पासवर्ड पाठवतो, तो चुकीचा ठरतो, तो पुन्हा पाठवतो. ओरॅकलच्या डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये (खात्यांना लागू असलेल्या मूळ नियमांत) चुकीच्या पासवर्डाची मर्यादा दहाची. यंत्राला दहा वेळा चुकायला कितीसा वेळ लागणार? खातं लॉक होतं आणि शाखेतला कॅशियर ‘सर्व्हर डाउन’ म्हणून फोन करतो. जुना पासवर्ड पुन्हा वापरता येणार नाही असा नियम प्रोफाइलमध्ये असेल, तर हॅश परत बसवायला गेल्यावर डेटाबेस नकार देतो. मग डीबीए प्रोफाइलचा नियमच तेवढ्यापुरता सैल करतो. सुरक्षेसाठी लावलेला नियम रात्री दीड वाजता काढला जातो, आणि तो परत लावायची आठवण राहील याची खात्री कुणी द्यावी?

हे सगळं सोसताही येईल. मला न सोसवणारी गोष्ट वेगळी आहे. त्या काळात केलेलं प्रत्येक काम, प्रत्येक ओळ, ऑडिटमध्ये ॲप्लिकेशनच्या नावावर पडते. माणसाचं नाव कुठेच नसतं.

याहून वाईट रीतही आहे, आणि तीच जास्त चालते. ॲप्लिकेशनच्या खात्याचा पासवर्ड सरळ सगळ्या टीमला माहीत असतो. एक्सेलच्या फाइलीत असतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेला असतो, व्हेंडरच्या माणसानं जाताना नव्या माणसाला सांगितलेला असतो. तो बदलत का नाही, तर किती ठिकाणी लिहून ठेवलाय ते कुणालाच माहीत नसतं.

एका वित्तसंस्थेत घडलेलं मी जवळून पाहिलं आहे. संस्थेचं नाव सांगणार नाही. कर्जखात्यांच्या टेबलात काही खात्यांचा व्याजदर रात्रीतून बदललेला आढळला. टेबलात ‘बदल कोणी केला’ असा रकाना होता, आणि त्यात ॲप्लिकेशनच्या खात्याचं नाव होतं. लॉगमध्येही तेच. ज्या मशीनवरून लॉगइन झालं ते सगळी टीम वापरते असं सर्व्हर. पासवर्ड टीममधल्या प्रत्येकाला माहीत. रात्रपाळीला जो मुलगा होता, त्याला बंद खोलीत बसवून तासन्‌तास विचारलं. त्यानं लॉगइन केलं होतं हे तो स्वतःच सांगत होता, कारण त्या रात्री त्याला जॉब अडकल्याचा कॉल आला होता. त्याचा मोबाइल तपासला, बँकेची पासबुकं मागितली. सिद्ध काहीच झालं नाही, पण तो निर्दोष आहे हेही कुणाला सिद्ध करता आलं नाही. व्याजदर पुन्हा पूर्ववत केले गेले, अहवालात ‘तांत्रिक त्रुटी’ असं लिहिलं गेलं. मुलानं राजीनामा दिला. लातूरकडचा, घरातला पहिला इंजिनिअर. त्याच्या आईला फोनवर काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं, हे मी कानांनी ऐकलं आहे.

नोंदीत माणसाचं नाव असतं तर एकतर खरा माणूस सापडला असता, नाहीतर हा मुलगा त्याच दिवशी सुटला असता. डीबीएंवर नजर ठेवा असं सांगणारं पत्र एक डीबीएच का लिहिते आहे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर माझं उत्तर हे आहे. नोंद चोराला पकडते त्याआधी ती आमच्यासारख्यांना वाचवते.

आता योग्य रीत. सरकारी पत्रव्यवहार तुम्ही पाहिला असेल. कार्यकारी अभियंता दौऱ्यावर असले की पत्र अडत नाही. खाली ‘कार्यकारी अभियंता करिता’ असं असतं आणि सही उपअभियंत्याची, त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. साहेबांची सही गिरवत कुणी बसत नाही. गिरवली तर तो गुन्हा. अधिकार साहेबांचा, पण सही ज्यानं केली त्याची, आणि दोन्ही गोष्टी एकाच कागदावर. डेटाबेसमध्ये नेमकी हीच सोय आहे. ओरॅकलमध्ये तिला प्रॉक्सी ऑथेंटिकेशन म्हणतात. कर्जाच्या ॲप्लिकेशनच्या खात्याला एकदा सांगायचं : अमुक डीबीएच्या खात्यातून तुझ्याकडे येऊ दे, म्हणजे ‘ग्रँट कनेक्ट थ्रू’. मग तो डीबीए स्वतःच्या नावापुढे चौकटी कंसात ॲप्लिकेशनचं नाव लिहून, स्वतःचाच पासवर्ड देऊन आत जातो. आत त्याला अधिकार ॲप्लिकेशनचे मिळतात, खासगी डेटाबेस लिंक बनते, अडलेला जॉब सुटतो. ॲप्लिकेशनच्या पासवर्डला कुणी हात लावत नाही, कनेक्शन पूलला पत्ताही लागत नाही, खातं लॉक व्हायचा प्रश्नच येत नाही. आणि युनिफाइड ऑडिट ट्रेलमध्ये दोन नावं पडतात : कुणाच्या नावानं, आणि कुणी. काम संपलं की ‘रिव्होक कनेक्ट थ्रू’. दोन ओळींचं काम.

दहा-जीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून, साध्या एसक्यूएल प्लसमधून (ओरॅकलला आज्ञा द्यायच्या साधनातून) हे करता येतं. त्यासाठी वेगळं लायसन्स घ्यावं लागत नाही. युनिक्सवाल्यांनी तर हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी सोडवला होता. ‘एसयू’ ही दुसऱ्याच्या खात्यात जायची आज्ञा देताना ज्याच्या खात्यात जायचं त्याचा पासवर्ड लागायचा, म्हणून रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड चारचौघांत वाटला जायचा. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात ‘सुडो’ लिहिलं गेलं, आणि आज ते विचारतं तुमचा स्वतःचा पासवर्ड, लॉगमध्ये नावही तुमचंच लिहितं. आपल्या लिनक्स सर्व्हरवर सुडोशिवाय रूट वापरलं तर तुम्ही कारणे दाखवा नोटीस काढता. त्याच सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये मात्र सगळी टीम एका नावानं वावरते आणि त्यावर कुणी काही विचारत नाही. हे मला खरंच कळत नाही.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्याच आवृत्तीपासून ‘एक्झिक्यूट ॲज’ आहे आणि परत यायला ‘रिव्हर्ट’. पोस्टग्रेसमध्ये ‘सेट रोल’ आहे. तिथे ‘सेट सेशन ऑथरायझेशन’ही आहे, ते फक्त सुपरयुजरला चालतं, पण ते शक्यतो टाळा. ‘सेट रोल’मध्ये करंट युजर बदलतो आणि सेशन युजर तसाच राहतो, म्हणजे मूळ माणूस दिसत राहतो. ‘सेट सेशन ऑथरायझेशन’मध्ये दोन्ही बदलतात.

इथे एक खाचखळगा आहे आणि तो तुमच्या लेखापरीक्षकांनी डोळ्यांनी तपासावा असं मला कळकळीनं वाटतं. प्रॉक्सीची रीत सुरू केली, म्हणजे झालं असं नाही. बहुतेक महत्त्वाच्या टेबलांवर एक ट्रिगर असतो, तो बदल करणाऱ्याचं नाव रकान्यात भरतो. ओरॅकलमध्ये त्या ट्रिगरात सर्रास नुसतं ‘युजर’ लिहिलेलं असतं. प्रॉक्सीनं आत आलेल्या माणसासाठी ‘युजर’चं उत्तर ॲप्लिकेशनचं नाव असं येतं. म्हणजे ऑडिट ट्रेल खरं सांगते आणि टेबल खोटं सांगतं, आणि चौकशीत लोक आधी टेबल बघतात. ट्रिगरात ‘सिस कॉन्टेक्स्ट’ या फंक्शनमधून ‘प्रॉक्सी युजर’ विचारून तोही लिहायला हवा. एसक्यूएल सर्व्हरमध्येही हीच गत : ‘एसयूझर एस‌नेम’ हे फंक्शन ज्याचं सोंग घेतलं त्याचं नाव देतं, खऱ्या माणसाचं नाव हवं तर ‘ओरिजिनल लॉगइन’ विचारावं लागतं. एका ओळीचा बदल आहे, पण टेबलं शेकडो असतात, व्हेंडर ‘पुढच्या रिलीजला बघू’ म्हणतो आणि विषय तिथेच राहतो. कृपा करून तो विषय पुढच्या रिलीजवर टाकू देऊ नका. पैशाची आणि रुग्णांची टेबलं आधी घ्या, बाकीची नंतर झाली तरी चालतील.

‘ज्या डीबीएकडे युजर बदलण्याचा अधिकार आहे, तो स्वतःच स्वतःला कनेक्ट थ्रू देऊन घेईल आणि काम झाल्यावर काढून टाकेल, मग उपयोग काय?’ असं मला एका मीटिंगमध्ये विचारलं गेलं. रास्त प्रश्न आहे. तो घेईलच. पण ‘ऑल्टर युजर’ या आज्ञेचं ऑडिट सुरू असेल, तर देणं आणि काढणं दोन्ही नोंदले जातात, आणि त्याच्या आतलं कामही त्याच्या नावानं नोंदलं जातं. अडचण एवढीच की ज्या डेटाबेसचा तो राजा आहे त्याच डेटाबेसमध्ये ती नोंद पडून राहता कामा नये. ती तत्क्षणी बाहेर गेली पाहिजे, सिसलॉगमधून (नोंदी दुसऱ्या सर्व्हरवर पाठवण्याच्या सोयीतून) म्हणा किंवा तुमच्या एसआयईएममध्ये (सुरक्षेच्या नोंदी एकत्र तपासणाऱ्या यंत्रणेत) म्हणा, जिथे डीबीएचं लॉगइन चालत नाही. ज्या संस्थांना पैसे खर्च करणं शक्य आहे त्यांनी ओरॅकलच्या डेटाबेस व्हॉल्टसारखं काही घ्यावं. त्यात युजर बनवणारा वेगळा आणि डेटाबेस चालवणारा वेगळा करता येतो. ज्यांना शक्य नाही, त्यांनी निदान लॉग बाहेर पाठवावा. त्याला एक साधं सर्व्हर पुरतं. आणि सिस खात्यानं रोज उठून लॉगइन करणं बंद करा. प्रत्येक डीबीएला त्याच्या नावाचं खातं द्या, सिस फक्त पॅचिंग आणि डेटाबेस चालू-बंद करायला ठेवा.

लॉग ठेवण्याबद्दल कायद्यानं आता फारशी मोकळीक ठेवलेलीही नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांत लॉग वर्षभर जपण्याची तरतूद आहे. पण कायदा म्हणतो लॉग ठेवा, आणि आपण ठेवतो; त्या लॉगमध्ये लाखो ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत एकच नाव असतं, ॲप्लिकेशनचं. हार्ड डिस्क भरते आणि हाती काही लागत नाही.

लेखापरीक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमची टीम येते तेव्हा आमच्याकडून स्क्रीनशॉट मागते : पासवर्ड पॉलिसी दाखवा, ऑडिट पॅरामीटर सुरू आहे ते दाखवा. आम्ही देतो. त्या स्क्रीनशॉटांनी काहीही कळत नाही. त्याऐवजी आमच्या शेजारी बसा. मागच्या महिन्यातला प्रॉडक्शनमधला (चालू कामकाजाच्या डेटाबेसमधला) एक थेट बदल तुम्ही निवडा, आम्हाला निवडू देऊ नका. त्याचं टिकीट (कामाच्या मागणीची नोंद) काढायला सांगा, मग ऑडिट ट्रेलमधली त्याची ओळ काढायला सांगा, आणि त्या ओळीत माणसाचं नाव आहे का ते बघा. ओरॅकलमध्ये ‘प्रॉक्सी युजर्स’ नावाचा व्ह्यू आहे. कोण कुणाच्या नावानं आत जाऊ शकतो त्याची यादी त्यातून मिळते. ती एचआरच्या यादीशी ताडून बघा. नोकरी सोडून गेलेल्यांची नावं त्यात निघाली तर शेरा लिहा. आणि ती यादी पूर्ण रिकामी असेल तर खूश होऊ नका, आधी विचारा की मग इथे डेटाबेस लिंका बनतात कशा. उत्तर द्यायला जो अडखळेल त्याच्याकडे हॅशची रीत किंवा वाटलेला पासवर्ड आहे, असं समजा.

आयटी प्रमुखांना एवढंच सांगायचं आहे की हे काम डीबीएवर सोडू नका. तो स्वतःहून करणार नाही, कारण रात्री दोन वाजता त्याला जुनी सवय हाताशी असते आणि तुमचा फोन चालू असतो : ‘झालं का? झालं का?’ घाईत माणूस जे येतं तेच करतो. प्रॉक्सीची परवानगी आधीच, दिवसा, टिकिटासह देऊन ठेवली असेल तर रात्री तो तीच वापरेल. व्हेंडरशी करार करताना ॲप्लिकेशनच्या खात्याचा पासवर्ड त्यांच्या माणसांना मिळणार नाही, त्यांची माणसं त्यांच्या नावाच्या खात्यातून प्रॉक्सीनं येतील, असं एक कलम घाला. व्हेंडर कुरकुर करेल. करू द्या. ॲप्लिकेशनचा पासवर्ड एकदा व्यवस्थित बदला आणि तो फक्त ॲप्लिकेशनच्या सर्व्हरवर राहू द्या. ओरॅकलच्या नव्या आवृत्त्यांत जुना आणि नवा पासवर्ड काही काळ एकत्र चालू ठेवता येतो, तेव्हा ‘बदलला तर सगळं बंद पडेल’ हे कारणही आता उरलेलं नाही.

पहिल्यांदा बदलाल तेव्हा कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातली एखादी स्क्रिप्ट बंद पडेल, आणि ती कुणाची आहे ते तेव्हाच कळेल. त्या आठवड्यात टीमला रागावू नका, एवढी मेहेरबानी करा.

आपली,
पुण्यातली एक डीबीए